भुवनवरचा शेतात झाडं लावायचा नकाशा वापरून बघितला: कशासाठी घ्यावा आणि कुठे थांबावं

आमच्याकडे आष्टी-पाटोदा भागात सध्या ज्याला त्याला बांधावर नाहीतर पडकात झाडं लावायचीयत. कुणी सागवान म्हणतं, कुणी महोगनी, कुणी मलबार नीम, कुणी बांबू, आणि हल्ली त्यात एक नवीन वाक्य ऐकू येतं, की सरकारच्या सॅटेलाईट नकाशावर आपला भाग झाडांसाठी योग्य दाखवलाय, मग आता काय बघायचं, लावून टाकायचं. हा नकाशा म्हणजे नेमकं काय, तो कशावरून योग्य-अयोग्य ठरवतो आणि त्याच्या भरवशावर आपण आपल्या जमिनीच्या गटात खड्डे मारावेत का, हे मी जरा नीट बसून बघितलं, वापरलं, आणि आमच्या रानात उतरून ताडून पाहिलं. त्याचाच हा रिव्ह्यू. लांब झालाय पण झाड एकदा लावलं की दहा-पंधरा वर्षं जमीन अडकते, त्यामुळे दहा मिनिटं वाचायला काही हरकत नाही.

आधी ओळख करून देतो. नीती आयोगाने फेब्रुवारी २०२४ मध्ये 'ग्रो' नावाचा रिपोर्ट काढला, पडीक जमिनी झाडशेतीतून पुन्हा हिरव्या करायच्या असा त्याचा विषय, आणि त्याच्यासोबत इस्रोच्या भुवन पोर्टलवर एक नकाशा खुला केला. भुवन २००९ पासून आहे, हैदराबादचं एनआरएससी, म्हणजे इस्रोचंच रिमोट सेन्सिंग केंद्र, ते चालवतं. या नकाशात देशातल्या सगळ्या जिल्ह्यांसाठी झाडशेतीच्या योग्यतेचा एक इंडेक्स काढलाय. पैसे लागत नाहीत, कुणीही बघू शकतं, राज्य निवडा, जिल्हा निवडा, बघा. एवढी मोठी गोष्ट फुकट आणि सगळ्यांना खुली आहे याचं मला मनापासून कौतुक आहे, कारण दहा-पंधरा वर्षांपूर्वी असला नकाशा बघायचा तर ओळख काढून कुठल्यातरी ऑफिसात जावं लागायचं आणि तिथेही तो कपाटात असायचा.

यामागचं कारणही समजून घ्या. भारताने २०१४ मध्ये कृषी-वनीकरणाचं राष्ट्रीय धोरण आणलं, असं धोरण करणारा आपला पहिला देश. आज देशात अंदाजे २८.४२ दशलक्ष हेक्टर, म्हणजे एकूण क्षेत्राच्या ८.६५ टक्के जमिनीवर पिकांसोबत झाडं आहेत असं हाच रिपोर्ट सांगतो. आणि २०३० पर्यंत २६ दशलक्ष हेक्टर खराब झालेली जमीन सुधारायचं आपण जगाला कबूल केलंय. आता एवढी जमीन शोधायची कुठे, सुरुवात कुठल्या जिल्ह्यापासून करायची, पैसा आधी कुठे लावायचा, या प्रश्नासाठी हा नकाशा बनलाय. हे नीट लक्षात ठेवा. 'माझ्या बांधावर काय लावू' या प्रश्नासाठी तो बनलेलाच नाहीये, आणि लोक नेमका तोच प्रश्न त्याला विचारतायत.

तो ठरवतो कसं? पाच गोष्टी घेतल्यात. पडीक जमीन कुठे आहे, जमिनीचा सध्याचा वापर काय आहे, पाणवठे कुठे आहेत, मातीत सेंद्रिय कर्ब किती आणि उतार किती. प्रत्येकाला मार्क, प्रत्येकाला वजन, सगळं एकावर एक ठेवायचं आणि बेरीज करायची. त्यातून देशाची ६.१८ टक्के जमीन खूप योग्य आणि ४.९१ टक्के मध्यम योग्य निघाली. मोठ्या राज्यांत राजस्थान, मध्य प्रदेश आणि तेलंगणा पुढे आहेत. देशाच्या पातळीवर काम करायचं तर ही पद्धत चांगली आहे, सोपी आहे, आणि मुख्य म्हणजे सगळ्या जिल्ह्यांना एकच फूटपट्टी लावलीय.

आता अडचण. या पाचात मातीची खोली नाही. निचरा नाही. चुनखडी नाही. आणि आमच्या मराठवाड्यात झाड जगणार की मरणार हे ठरवतात त्या ह्याच तीन गोष्टी.

बेरजेच्या पद्धतीची ही जुनीच गडबड आहे. पोराला चार विषयांत नव्वद-नव्वद पडले आणि गणितात आठ, तर टक्केवारी सत्तरच्या पुढे दिसते पण रिझल्टवर नापास असंच लिहून येतं. जमिनीचंही तसंच, उतार चांगला, पाणी जवळ, कर्ब बरा, पण खाली दीड फुटावर कातळ लागला तर बाकीच्या मार्कांना काय अर्थ उरतो? संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेने, एफएओने, १९७६ मध्येच जमिनीची योग्यता कशी ठरवायची याची एक चौकट दिली होती. त्यात जमीन एस १, एस २, एस ३ आणि एन अशा वर्गांत टाकतात (एस १ सगळ्यात योग्य, एन म्हणजे अयोग्य), आणि ती वापरणारे बरेचजण सगळ्यात वाईट मर्यादा असेल तिच्यावरूनच वर्ग ठरवतात. म्हणजे खोली एन असेल तर बाकी सगळं एस १ असूनही जमीन त्या झाडाला अयोग्य. मला हीच पद्धत शेतकऱ्याच्या कामाची वाटते. 'त्या झाडाला' हे शब्दही महत्त्वाचे आहेत, कारण एफएओच्या चौकटीत जमीन नुसती योग्य किंवा अयोग्य नसतीच, ती कशासाठी योग्य हे आधी सांगावं लागतं. भुवनचा इंडेक्स एकंदर झाडशेतीसाठी आहे. सागवान वेगळा, सीताफळ वेगळं, बांबू वेगळा. सागवानाला खोल आणि निचऱ्याची जमीन लागते, पाय ओले राहिले की तो बसतो. सीताफळ मुरमाड हलक्या रानात, खडकाळ उतारावर पण तग धरतं, आमच्या बालाघाटच्या डोंगरात ते कुणी न लावता आलेलं आहे. मलबार नीमला खोल माती आणि सुरुवातीची दोन वर्षं पाणी पाहिजे. बोर आणि आवळा थोड्या खारवट जमिनीतही निभावून नेतात. आता या सगळ्यांना एकच नकाशा कसा पुरणार?

दुसरी गोष्ट स्केलची, आणि ही मी गुंठ्यात सांगतो म्हणजे पटकन कळेल. आपल्याकडे जमीन वापराचे बरेच नकाशे लिस-३ नावाच्या कॅमेऱ्याच्या फोटोवरून केलेत, त्याचा एक पिक्सेल जमिनीवर साडेतेवीस मीटर बाय साडेतेवीस मीटर. म्हणजे साधारण साडेपाच गुंठे. साडेपाच गुंठ्यात जे काही असेल, विहीर, बांध, चार आंबे, कडब्याची गंज, त्या सगळ्याचा मिळून एक रंग. नकाशा १:५०,००० स्केलचा असेल तर कागदावरचा एक सेंटिमीटर म्हणजे रानात अर्धा किलोमीटर. आणि मातीचे राज्यभराचे जे नकाशे नागपूरच्या मृदा सर्वेक्षण ब्युरोने पूर्वी केले ते १:२,५०,००० चे, म्हणजे एक सेंटिमीटरला अडीच किलोमीटर, त्यात आमचं अख्खं गाव अंगठ्याच्या नखाखाली येतं. ही त्या लोकांची चूक नाही हां, एवढ्या मोठ्या राज्याची माती तपासायची तर असंच करावं लागतं, आणि तेच ब्युरो आता १:१०,००० स्केलवर काम करतंय, ते जिथे जिथे पूर्ण होईल तिथे फार मोठा फरक पडेल. पण आज नकाशा झूम केला की आपल्याला आपली ताल, आपला ओढा दिसतो आणि वाटतं की योग्यतेचा रंगपण तितक्याच बारकाईने काढलाय. तसं नसतं. मागचा फोटो बारीक असतो, वरचा रंग जाडा असतो.

आमचंच उदाहरण देतो. गट एकच आहे, वरचा भाग टेकाडाला लागून आणि खालचा ओढ्याला लागून, मध्ये जेमतेम दोन-अडीचशे मीटर. चुलतभावाच्या डोक्यात होतं की सगळीकडे मलबार नीम लावायचा, कारण कुणीतरी रोपं घरपोच देऊन पाच वर्षांत एकरी अमुक लाख असं सांगून गेलेलं. थोरले काका, आम्ही त्यांना तात्या म्हणतो, ते एवढंच म्हणाले, "वरच्या तुकड्यात नांगराचा फाळ खडखडतो आणि खालच्यात दिवाळीपर्यंत बैल रुततो, तुम्ही दोन्हीकडं एकच झाड लावाय निघालाय व्हय?" मग उन्हाळ्यात आम्ही दोन्ही तुकड्यांत माणूस आत उभा राहील असे खड्डे घेतले.

वरच्या खड्ड्यात सुरुवातीला वीतभर तांबूस-करडी माती, त्यात गवताची मुळं दाट. मग लगेच पिवळसर मुरूम, टिकावाने फुटणारा. आणि त्याच्या खाली पांढऱ्या खड्यांचा एक थर, हरभऱ्यापासून सुपारीपर्यंतच्या आकाराचे खडे, हाताला खडूसारखी पावडर लागते. त्या थरावर पातळ केलेल्या ॲसिडचे दोन थेंब टाकले की जोरात फसफसतं, म्हणजे चुनखडी. गवताची मुळं त्या थरापर्यंत येऊन आडवी वळलेली स्पष्ट दिसत होती. लिंबूवर्गीय झाडांना चुनखडी १० टक्क्यांच्या वर गेली की पानं पिवळी पडायला लागतात, लोह उचलता येत नाही, म्हणून कृषी विद्यापीठवाले असल्या जमिनीत मोसंबी लावू नका म्हणून घसा कोरडा करतात. (ॲसिडला हात लावताना हातमोजे घाला आणि पोरांना लांब ठेवा, आणि पाण्यात ॲसिड टाकायचं, ॲसिडमध्ये पाणी नाही.)

खालच्या खड्ड्यात चार फुटांपर्यंत काळीच काळी. बघणाऱ्याला वाटेल वा, केवढी खोल जमीन. पण ढेकूळ फोडलं तर त्याच्या बाजू घासून पॉलिश केल्यासारख्या चकचकीत होत्या, तिरप्या. ही माती उन्हाळ्यात आक्रसते, पावसाळ्यात फुगते, आणि आतल्या आत एकमेकांवर घासते म्हणून ती चकाकी येते, आणि तीच घासाघीस बारीक मुळं तोडते. तळाला मातीचा रंग काळ्यावरून राखाडी झालेला आणि भर मे महिन्यात ओल होती. आम्ही त्यात संध्याकाळी पाणी भरून ठेवलं, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बघितलं तर अर्ध्याहून जास्त पाणी तसंच उभं. मलबार नीम म्हणा, सागवान म्हणा, इथे पावसाळ्यात मुळाशी हवाच मिळणार नाही. तिथे आधीपासून काय उगवलंय ते बघितलं तरी अंदाज येतो, ओढ्याच्या कडेला करंज आणि बाभूळ, सखल जागी लव्हाळा, आणि वर टेकाडाला तरवड, बोरी, हिवर. म्हाताऱ्या माणसांना हा नकाशा पाठ असतो, त्यांना बांधावर नेऊन विचारा. आणि हे सगळं एका गटात, भुवनच्या हिशोबाने शेजारशेजारच्या जागेत.

मृदा आरोग्य पत्रिकेचं काय असं कुणी विचारेल. ती पण बघा, त्यात सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब धरून बारा गोष्टी असतात, उपयोगी आहे. पण तिचा नमुना वरच्या १५-२० सेंटिमीटरमधून घेतात आणि कोरडवाहू भागात दहा हेक्टरला एक असा ग्रिड धरलेला आहे. ज्वारी-तुरीला ठीक. झाडाचं मूळ दुसऱ्या वर्षीच त्याच्या खाली गेलेलं असतं. म्हणून झाडासाठी नमुना द्यायचा तर एका खड्ड्यातून तीन घ्या, फूटभरापर्यंतचा एक, एक ते दोन फुटांचा एक, दोन ते तीन फुटांचा एक, वेगवेगळ्या पिशव्यांत, वर खोली लिहून. आणि लॅबमध्ये मुक्त चुना मुद्दाम सांगून तपासून घ्या, नेहमीच्या टेस्टमध्ये तो असेलच असं नाही.

आता एका गोष्टीबद्दल मला जरा जास्त बोलायचंय, आणि ती आहे 'पडीक' हा लेयर. देशाच्या पडीक जमिनीच्या ॲटलासमध्ये २३ प्रकार आहेत आणि २०१५-१६ च्या आकड्यांनुसार देशाची १६.९६ टक्के जमीन त्यात बसते. त्या २३ प्रकारांत खरोखर खराब झालेल्या जमिनी आहेत, घळी पडलेल्या, खारवटलेल्या, खाणीने उकरलेल्या. पण त्यातच झुडपी माळ आणि चराईची रानं पण येतात. आमच्याकडे, कर्जतकडे, सोलापूरकडे, पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागात जे माळरान आहे ते वरून उघडं-बोडकं दिसतं म्हणून त्याला निकामी म्हणायचं का? नान्नजला माळढोकासाठी अभयारण्य आहे, रेहेकुरीला काळविटांसाठी आहे, हे प्राणी-पक्षी उघड्या गवताळ माळावरच जगतात, लांडगा तिथलाच आहे. धनगरांची मेंढरं पावसाळ्यानंतर याच गवतावर निघतात. अशा माळावर चर खोदून दाट झाडं लावली तर झाडं पण खुरटतात आणि गवत पण जातं, दोन्हीकडून नुकसान. नकाशावर पडीक आहे आणि जवळ पाणवठा आहे म्हणून इंडेक्स वर जाईल, पण त्या गायरानावर कोण किती पिढ्या गुरं चारतंय हे कुठल्याच सॅटेलाईटला दिसत नाही. ग्रामपंचायतीत ठराव करायच्या आधी मेंढपाळ, गुरं राखणारे, सगळ्यांना बोलवा, हे माझं हात जोडून सांगणं आहे. आणि हो, नकाशातली पडीक आणि सातबाऱ्यावरचा पोटखराबा (लागवडीला न येणारा भाग) या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एकावरून दुसरी धरून चालू नका.

मग हा नकाशा कुणी वापरावा? पाणलोटाचं काम करणाऱ्या संस्थांनी नक्की. शेतकरी उत्पादक कंपनीने, चार-पाच तालुक्यांतून रोपवाटिका कुठे टाकायची हे ठरवायला. रोजगार हमीतून फळबाग आणि वृक्षलागवडीचं नियोजन करणाऱ्यांनी. कृषी कॉलेजच्या पोरांनी तर बसून शिकावं, कारण वेगवेगळे थर एकावर एक ठेवून निर्णय कसा काढतात हे इतकं उघड दुसरीकडे बघायला मिळणं अवघड. एकट्या शेतकऱ्याने तो बघावा, पण आपल्या तालुक्याचं एकंदर चित्र कळायला. पुढचं काम असं करा: महाभूनकाशावरून, म्हणजे सरकारच्या जमीन-नकाशांच्या साइटवरून, गटाची हद्द घ्या, मोबाईलमध्ये कोपऱ्यांचं लोकेशन टिपून ठेवा, रानात फिरून जिथे मातीचा रंग, उतार किंवा तण बदलतं तिथे खूण करा, आणि अशा प्रत्येक तुकड्यात एक खड्डा. दोन-तीन खड्डे पुरतात. जेसीबी गावात आलेलाच असेल तर तासाभराचं काम आहे.

आणखी एक, बाजार या नकाशात नाही. सुबाभूळ, निलगिरी, बांबू ही वजनावर विकायची झाडं, बल्लारपूरच्या कागद कारखान्याच्या आसपासच्या माणसाला ती जशी परवडतील तशी आम्हाला बीडमधून गाडीभाडं भरून परवडणार नाहीत. तोडीची परवानगी पण बघा, सागवान, चंदन, खैर असलं काही लावलं तर लावल्या वर्षीच सातबाऱ्यावर नोंद करून घ्या, तलाठ्याकडे एक चक्कर आत्ता मारलेली बरी, नाहीतर वीस वर्षांनी झाड आपलं आहे हे सिद्ध करत फिरावं लागतं. बांबूचं तेवढं सोपं झालंय, २०१७ च्या दुरुस्तीने जंगलाबाहेरचा बांबू वन कायद्यातल्या झाडाच्या व्याख्येतून बाहेर काढला.

रेटिंग द्यायचं तर जिल्हा-तालुक्याच्या नियोजनासाठी पाचपैकी चार. आपल्या गटात काय लावायचं यासाठी दीड, आणि तो दीड पण उतार आणि ओढे एका नजरेत दिसतात म्हणून. पुढच्या आवृत्तीत तीन गोष्टी यायलाच पाहिजेत. मातीची खोली आणि निचरा हे थर आले पाहिजेत, १:१०,००० चं सर्वेक्षण झालंय तिथल्यापासून सुरुवात करा. दुसरं, झाडानुसार वेगळे नकाशे, निदान मोजक्या दहा-बारा झाडांचे. झाशीच्या केंद्रीय कृषी-वानिकी संस्थेकडे कुठल्या झाडाला काय मानवतं याचं तीन दशकांहून जास्त काळाचं काम पडलेलं आहे, ते इथे का जोडू नये? आणि तिसरं, सगळं मराठीत, म्हणजे तात्यांसारख्या माणसाला पोराच्या खांद्यावरून वाकून बघायला लागणार नाही, कारण चुकलेला रंग कुठला हे पहिल्यांदा त्यांनाच कळणार आहे.

आम्ही शेवटी वरच्या तुकड्यात सीताफळ घेतलं, बांधाला चिंचा आणि मधल्या पट्ट्यात, जिथे अडीच-तीन फूट निचऱ्याची माती लागली, तिथे थोडा मलबार नीम भावाच्या हौसेखातर. खालचा काळा पट्टा ज्वारीलाच ठेवलाय, ओढ्याच्या काठाला फक्त करंज आणि बांबू. खड्डे घ्यायचे असतील तर एप्रिल-मेमध्येच घ्या, जमीन भेगाळलेली असते तेव्हा थर स्वच्छ दिसतात, आणि खड्ड्याच्या भिंतीचा फोटो शेजारी टेप लावून काढून ठेवा. आसपासच्या कुणी असे फोटो काढले असतील तर गावाचं नाव आणि खोली लिहून पाठवा, मी आमच्या मंडळापुरते गोळा करतोय.